आर्क वेल्डिंग: जोड आत कसा उतरतो

घरी नवं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आणलं की पहिल्या दिवशी दोन पट्ट्या कशाबशा चिकटतात आणि हातोड्याच्या एका घावात सुटतात. आठवडाभरात हात बसतो, रेघ सरळ येते, खपली उडवल्यावर खाली चकचकीत खवले दिसतात. मग गेटचं बिजागर किंवा ट्रॉलीचा हुक जोडावासा वाटतो. खरा धोका याच टप्प्यावर असतो. कच्चा जोड लगेच सुटतो, त्यामुळे तो कुणाला इजा करत नाही. देखणा पण आत न उतरलेला जोड महिनोन्‌महिने टिकतो आणि नेमका वजनाखाली सुटतो.

पितळेच्या भांड्याला डाख देतात तेव्हा भांडं वितळत नाही. डाखाचा धातू वितळून त्याला धरून बसतो. वेल्डिंगमध्ये दोन्ही पट्ट्यांच्या कडा स्वतः वितळल्या पाहिजेत आणि त्या रसात रॉडचा, म्हणजे मशीनच्या होल्डरमध्ये धरलेल्या वितळणाऱ्या काडीचा, रस मिसळला पाहिजे. कडा वितळल्या नाहीत तर आपण वेल्डिंगच्या मशीनने डाखच दिला, आणि तोही निकृष्ट. पुढचं सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

रॉडच्या टोकाशी काय घडतं

रॉड पट्टीला टेकवून किंचित उचलला की मधल्या दोन-तीन मिलिमीटरच्या फटीतून वीज वाहू लागते. हाच आर्क. त्याचं तापमान ५००० अंश सेल्सिअसच्या वर जातं. लोखंड १५३८ अंशांना वितळतं, म्हणजे उष्णता मुबलक आहे. प्रश्न असतो तो ही उष्णता पट्टीत शिरते की रॉड वितळवण्यात आणि हवा तापवण्यात वाया जाते, हा.

रॉडवरचं राखाडी लेपण तितकंच महत्त्वाचं. वितळलेलं लोखंड हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून घेतं. मग थंड झाल्यावर जोड जाळीदार आणि ठिसूळ होतो. लेपण जळताना वायूचं आवरण तयार होतं आणि उरलेला भाग खपली, म्हणजे स्लॅग, होऊन रसावर तरंगतो. सुरुवातीच्या उघड्या तारांच्या रॉडची मोठी अडचण हीच होती. स्वीडनच्या ऑस्कर केलबर्ग यांनी लेपण दिलेल्या रॉडवर काम केलं आणि १९०४ साली गोथेनबर्गला त्यासाठी कंपनी काढली. आजही गावोगावच्या फॅब्रिकेशनच्या दुकानांत चालतो तो याच कल्पनेचा रॉड.

दुकानात साधा रॉड मागितला की बहुधा ६०१३ मिळतो. यातले ६० म्हणजे जोडाची ताणशक्ती किमान ६०,००० पौंड प्रति चौरस इंच, १ म्हणजे आडवा, उभा, डोक्यावर अशा सर्व स्थितींत चालणारा, आणि शेवटचा ३ लेपणाचा प्रकार सांगतो. शिकायला हाच घ्यावा. ७०१८ अधिक मजबूत असतो, पण त्याला ओल अजिबात चालत नाही. पाकीट उघडून पावसाळाभर ठेवलेला ७०१८ महत्त्वाच्या जोडाला वापरू नये. ६०१३ बराच सोशिक आहे, तरी कोकणातल्या जून-जुलैत त्यालाही घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावं. रॉड दमट असेल तर आर्क तडतडतो आणि जोडात टाचणीएवढी भोकं पडतात.

मशीन, वायरिंग आणि मीटर

रॉडची जाडी गेजमध्ये सांगतात आणि आकडा उलटा चालतो. १४ गेज म्हणजे २ मिमी, त्याला ४० ते ६० अँपिअर. १२ गेज म्हणजे २.५ मिमी, ६० ते ९०. १० गेज म्हणजे ३.१५ मिमी, ९० ते १३०. पाकिटावर छापलेली मर्यादा पाहून मधोमध सुरुवात करावी. ३ ते ५ मिमी जाडीच्या पट्टी-अँगलला १२ गेज आणि ८० ते ८५ अँपिअर ठीक बसतात.

आता घरची वायरिंग. ८० अँपिअरला आर्कवर साधारण २३ व्होल्ट असतात, म्हणजे सुमारे १८५० वॅट. त्यात मशीनमधला ऱ्हास आणि स्वस्त इन्व्हर्टरचा कमी पॉवर फॅक्टर धरला की २३० व्होल्टच्या लाइनवरून १३-१४ अँपिअर ओढले जातात. गीझरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर, तिथली तार जाडीला योग्य असेल तर, हे चालतं. १२० अँपिअरवर १० गेजचा रॉड जाळायचा तर लाइनवरून २० अँपिअरहून जास्त लागतात. त्याला बोर्डापासून ४ चौरस मिमीची वेगळी तार आणि वेगळा एमसीबी हवा. हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावं. टीव्हीच्या ६ अँपिअरच्या सॉकेटला मशीन कधीच लावू नये. एक्स्टेंशनची तार भेंडोळ्यात ठेवू नये, पूर्ण उलगडावी; गुंडाळलेली तार आतल्या आत तापून वितळते. संध्याकाळी गावाकडे दाब १८० व्होल्टपर्यंत उतरला की आर्क मरगळतो. तेव्हा मशीनचा नॉब वाढवून फायदा नसतो, काम सकाळी करावं.

एक शब्द इथे घोटाळा करतो. कामाच्या तुकड्याला चिमटा लावलेल्या केबलला सगळे ‘अर्थिंग’ म्हणतात. ती अर्थिंग नव्हे, ती वेल्डिंगच्या विजेची परतीची वाट आहे. शॉकपासून वाचवणारी खरी अर्थिंग म्हणजे मशीनच्या प्लगची तिसरी, जाड पिन. चिमटा लावला म्हणून तिसरी पिन तोडलेला प्लग चालेल, असं समजणं जिवावर बेतू शकतं. आर्क पेटलेला नसताना होल्डरवर ६० ते ८० व्होल्ट असतात. कोरड्या हाताला ते फारसे जाणवत नाहीत, पण घामाने भिजलेला सदरा आणि ओली फरशी असेल तर तेवढे पुरे होतात. कोरडे कातडी हातमोजे, रबरी तळाचे बूट, आणि रॉड बदलतानाही हातमोजा हातात.

मशीनवर ‘६० टक्के ड्यूटी सायकल’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ दहा मिनिटांत सहा मिनिटं आर्क, चार मिनिटं विश्रांती. हा हिशेब सहसा ४० अंश हवेसाठी धरलेला असतो. विदर्भात मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली विश्रांती वाढवावी लागते. पिवळा दिवा लागून मशीन थांबलं तर ते बंद न करता पंखा चालू ठेवावा.

डोळे आणि धूर

आर्कचा अतिनील प्रकाश डोळ्याच्या बाहुलीवरचा पडदा भाजतो. त्रास लगेच होत नाही. काही तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि पाणी वाहतं. घरात बटाट्याच्या चकत्या ठेवत बसण्यापेक्षा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं. या कामाला १० किंवा ११ नंबरची काच लागते. साधा काळा गॉगल किंवा दोन चष्मे एकावर एक, हे चालत नाही. आपोआप काळी होणारी हेल्मेटची काच वापरत असाल तर काम सुरू करण्याआधी ती उन्हाकडे किंवा लायटरच्या ठिणगीकडे धरून काळी होते का ते पाहावं. शेजारी बघत उभ्या राहणाऱ्या मुलांचे डोळे पहिल्यांदा सांभाळावेत.

जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या, पाइपवर आर्क लावला की पांढरा दाट धूर येतो. जस्त ९०७ अंशांना उकळतं, आर्कपुढे ते क्षणात वाफ होतं. तो धूर छातीत गेला की काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो. दूध पिऊन किंवा गूळ खाऊन हे टळत नाही. जोडाच्या दोन्ही बाजूंचं दोन-अडीच सेंटीमीटर जस्त ग्राइंडरने घासून काढावं, काम उघड्यावर करावं, वारा पाठीकडून किंवा बाजूने घ्यावा आणि डोकं धुराच्या वर धरू नये. पार्ट साफ करायला क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर वापरला असेल तर तिथे आर्क मुळीच लावू नका. त्याच्या वाफेपासून आर्कच्या प्रकाशात फॉस्जीन हा जीवघेणा वायू तयार होतो.

रस ओळखायला शिकणं

पहिल्या सरावाला ५ मिमी जाड, ४० मिमी रुंद पट्टीचे तुकडे घ्या. गंज, रंग आणि कारखान्याची निळसर-काळी कातडी ग्राइंडरने काढून लोखंड पांढरं करा. चिमटाही पांढऱ्या लोखंडावर लावा. आर्क नीट न लागण्याचं कारण बऱ्याचदा गंजावर लावलेला चिमटा हेच असतं.

काडेपेटी ओढावी तसा रॉड पट्टीवर ओढा आणि पेटताच टोक रॉडच्या तारेच्या जाडीइतकं वर धरा. १२ गेजला अडीच मिमी. नवशिक्याला हे अंतर फारच कमी वाटतं, म्हणून हात नकळत वर जातो. अंतर वाढलं की आर्क पसरतो, आवाज फसफसणारा होतो, थेंब चहूकडे उडतात आणि पट्टी वितळण्याऐवजी तिच्यावर नुसते गोळे बसतात. अंतर बरोबर असलं की कढईत भजी तळल्यासारखा सलग आवाज येतो. रॉड जळत छोटा होत जातो, म्हणून हात पुढे सरकवतानाच सतत खालीही न्यावा लागतो. या दोन हालचाली एकत्र जमायला दहा-पंधरा रॉड जाळावे लागतात.

रॉड चिकटला तर मनगटाला झटका देऊन सोडवा, नाही सुटला तर होल्डरमधून मोकळा करा. लालभडक होऊन लेपण उडालेला रॉड पुन्हा वापरू नका. वारंवार चिकटत असेल तर अँपिअर पाचाने वाढवा.

नजर आर्कच्या झगमगाटावर ठेवायची नाही. त्याच्या मागच्या वितळलेल्या डबक्यावर ठेवायची. तिथे दोन द्रव असतात. एक पातळ, गुळगुळीत, आरशासारखा. तो लोखंडाचा रस. दुसरा दाटसर, सावकाश सरकणारा, सायीसारखा रसावर येणारा, ती खपली. रसाची पुढची कड पट्टीत उतरताना दिसली पाहिजे आणि खपली तिच्या मागे राहिली पाहिजे. खपली पुढे धावली की आर्क तिच्यावरच जळतो, पट्टी कोरडी राहते आणि वरून रस येऊन ती खपली आत कोंडली जाते. बाहेरून रेघ सुंदर, आत काचेसारखा थर. यावर उपाय तीन: अँपिअर थोडे वाढवा, आर्क जवळ आणा, आणि रॉडचं वरचं टोक जाण्याच्या दिशेने १० ते १५ अंश कलतं धरून रेघ आपल्या अंगाकडे ओढा. खपली होणारा रॉड ढकलायचा नसतो.

रेघेची रुंदी तारेच्या जाडीच्या दोन ते तीन पट असावी. दोरीसारखी उंच आणि अरुंद रेघ आली तर अँपिअर कमी आहेत किंवा हात घाई करतो आहे. सपाट, कडेला खाच पडलेली रेघ म्हणजे अँपिअर जास्त किंवा आर्क लांब. ही खाच नुसती दिसायला वाईट नसते; जोडावर ताण आला की भेग तिथूनच सुरू होते.

तोडून पाहा

सरावातला सर्वांत मोलाचा भाग हा आहे, आणि नेमका तोच टाळला जातो. एक पट्टी आडवी ठेवून तिच्यावर दुसरी उभी करा, इंग्रजी टी उलटा केल्यासारखी. दोन्ही टोकांना टाके, म्हणजे तुकडे जागेवर धरणारे छोटे वेल्ड, मारा आणि एकाच बाजूने पूर्ण रेघ ओढा. रॉड दोन्ही पट्ट्यांशी ४५ अंशांत. गार झाल्यावर आडवी पट्टी वाइसमध्ये घट्ट धरा आणि उभी पट्टी हातोड्याने रेघेच्या बाजूला पाडा, म्हणजे जोडाचं मूळ उघडेल.

तुटलेल्या जागी उभ्या पट्टीची मूळची कापलेली कड सरळ, धारदार, जशीच्या तशी दिसली तर रस मुळापर्यंत गेलाच नाही. काळे काचेचे तुकडे दिसले तर खपली कोंडली. गोल भोकं दिसली तर ओल, गंज किंवा लांब आर्क. पट्टी पूर्ण आडवी झाली आणि रेघ तुटलीच नाही तर जोड चांगला. असे पाच सलग जोड जमेपर्यंत माणूस बसेल, उभा राहील किंवा खाली झोपेल अशी कुठलीही वस्तू जोडू नये.

पहिली वस्तू: घडवंची

पाण्याच्या ड्रमसाठी लोखंडी घडवंची ही पहिल्या कामाला उत्तम, कारण तिच्यात आडवे, उभे आणि कोपऱ्याचे असे सगळे जोड येतात. ३५ × ३५ × ५ मिमीचा अँगल घ्या. बाजारात तो ६ मीटरच्या लांबीत मिळतो, वजन मीटरला २.६ किलो, एक नग साडेपंधरा किलोच्या आसपास. वरच्या चौकटीला ४५० मिमीचे चार तुकडे, टोकं ४५ अंशांत कापून. पाय ५०० मिमीचे चार. खालचे आडवे चार, प्रत्येकी सुमारे ४४० मिमी. एका नगात सगळं बसतं आणि सरावाला वीतभर तुकडाही उरतो. खालचे आडवे मात्र पाय उभे करून, प्रत्यक्ष माप घेऊनच कापा.

इथे नवी अडचण येते: ओढ. तापलेलं लोखंड फुगतं आणि रेघ थंड होताना आकसते, म्हणून ज्या बाजूला वेल्ड मारला त्या बाजूला तुकडा ओढला जातो. गुण्यात, म्हणजे काटकोनात, बसवलेला पाय एका रेघेनंतर टोकाला दोन-तीन मिलिमीटर कललेला दिसतो. म्हणून आधी सगळीकडे फक्त टाके, प्रत्येकी ८-१० मिमी लांब. चौकट सपाट फरशीवर मांडून टाके मारल्यावर दोन्ही कर्ण मोजा. ४५० मिमीच्या चौकोनाचा कर्ण ६३६ मिमी भरतो. आकड्यापेक्षाही दोन्ही कर्ण सारखे असणं महत्त्वाचं. फरक असेल तर लांब कर्णाच्या कोपऱ्यावर हातोडा मारून सरळ करा. टाक्यांच्या अवस्थेत हे सहज होतं, पूर्ण वेल्डनंतर होत नाही.

चौकट उलटी ठेवून चारही पाय आतल्या कोपऱ्यांत बसवा, गुण्या दोन्ही बाजूंनी लावा, टाके मारा, खालचे आडवेही टाक्यांवर बसवा. सगळा सांगाडा उभा करून डुगडुगत नाही ना पाहा. मग पूर्ण वेल्ड: एक कोपरा, नंतर त्याच्या समोरचा तिरका, मग उरलेले. एकाच कोपऱ्यात सगळ्या रेघा ओढल्या तर सांगाड्याला पीळ पडतो. प्रत्येक रेघेवर दुसरी चढवण्याआधी खपली हातोडी आणि तारेच्या ब्रशने पूर्ण काढा. खपली उडवताना साधा पारदर्शक चष्मा घाला. गरम कण हेल्मेट वर केल्यावरच डोळ्यात जातो. शेवटी रेड ऑक्साइड प्रायमर. खपली राहिलेल्या जागी रंग पहिल्याच पावसात फुगून सुटतो.

चौकोनी पाइप स्वस्त दिसतो म्हणून अनेकजण त्यापासून सुरुवात करतात. १८ गेजचा पाइप फक्त १.२ मिमी जाड असतो आणि रॉडने त्यात पटकन भोक पडतं. १६ गेज, म्हणजे १.६ मिमी पाइपला १४ गेजचा रॉड, ४५ अँपिअर, होल्डर ऋण टोकाला लावून काम करा, म्हणजे पट्टीत उष्णता कमी शिरते. सलग रेघ ओढू नका. एक ठिपका, लाली उतरू द्या, त्यावर अर्धा चढवून पुढचा ठिपका.

गाडीवर आर्क लावण्याआधी

आधी लोखंड ओळखा. ग्राइंडर टेकवला की साध्या पोलादाच्या ठिणग्या लांब, फिकट पिवळ्या निघतात. जास्त कार्बनच्या पोलादाच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात. बिडाच्या ठिणग्या आखूड आणि लालसर असतात. पंपाची बिडाची बॉडी ६०१३ ने जोडली तर ती थंड होताना जोडाच्या शेजारी तडकते. तिला निकेलचा रॉड आणि अनुभवी हात लागतो. कमानपाटा जोडूच नये. वेल्डशेजारचा पट्टा कडक, ठिसूळ होतो आणि पाटा रस्त्यावर तिथेच तुटतो. स्टिअरिंगचे टाय रॉड आणि अलॉय व्हील बदलायची असतात. पेट्रोलची टाकी, डिझेलचा किंवा औषधाचा रिकामा ड्रम यांना आर्क लावू नका. रिकामा ड्रम भरलेल्यापेक्षा घातक, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही मिसळलेली असतात.

करण्यासारखं काम म्हणजे मोटरसायकलच्या साइड स्टँडच्या ब्रॅकेटची भेग. टाकी उतरवून लांब ठेवा. बॅटरीची ऋण तार आधी सोडा, मग धन. जोडताना उलट क्रम. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांमध्ये बहुधा इंधन इंजेक्शन असतं, त्यामुळे ईसीयूचा, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीचा, कनेक्टरही काढून ठेवा. चिमटा ब्रॅकेटवरच, भेगेच्या शक्य तितका जवळ. तो मागच्या चाकाला लावला तर वीज बेअरिंगमधून आणि चेनमधून परतते आणि गोळ्यांवर खड्डे पाडते.

भेगेच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे धावणार नाही. ग्राइंडरने भेगेवर व्ही आकाराची खाच तळापर्यंत करा, १२ गेजच्या रॉडने आधी तळ भरा, खपली काढा, मग वरची रेघ. पाणी ओतून थंड करू नका, हवेवर निवू द्या. रंग दिल्यावर महिनाभर अधूनमधून ती जागा पुसून पाहत राहा. रंगावर केसाएवढी तांबूस रेघ उमटली तर भेग पुन्हा उघडली आहे. तिच्यावर आणखी एक थर चढवून उपयोग नाही. जुना वेल्ड तळापर्यंत घासून काढा आणि पांढऱ्या लोखंडापासून पुन्हा सुरुवात करा.